लाथेचा गुण

समस्त जनांस, आणि त्यांतही ज्यांना हे वाचताना कमरेवर हात ठेवावा लागत आहे अशांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमचा डावा पाय आजपासून लोकसेवेतून निवृत्त होत आहे. या पायाने नागावच्या वाडीत, आसपासच्या आळ्यांत आणि एकदा गोठ्यातही, पुष्कळ वर्षे इमानेइतबारे लाथा मारल्या. लाथ खाणाऱ्यांपैकी कोणीही फिर्याद केलेली नाही. बहुतेकांनी नमस्कार केला. काहींनी पापलेटे आणून दिली. आता या पायालाच संधिवाताने धरले असून, तो बरा करण्यासाठी कोणाच्या पायाखाली निजावे याविषयी विचार चालू आहे.

हसू नका. निदान एवढ्यात तरी हसू नका.

जे मूल जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर येतं, ते पायाळू. आणि उसण म्हणजे काय, हे ज्याला एकदा भरली त्याला सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. माणूस कळशी उचलायला वाकतो, पाठीत कळ येते आणि तो तसाच अर्धा वाकलेला राहतो, जणू कुणाला तरी नमस्कार करता करता विसरला. आमच्याकडे समज असा की अशा पाठीला पायाळू माणसाने तीनदा लाथ लावली की उसण उतरते. पायाळू माणसाचे आणखीही मान असतात. वीज म्हणे त्याला शोधत येते, आणि डोळ्यांत एक खास काजळ घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं. मला अजून ना विजेने शोधलं, ना मी धन. लाथेने मात्र मला मोठं केलं.

एकोणीसशे तिसाच्या आगेमागे मी लग्न होऊन मुरूडकडून नागावला आले. सत्यनारायण झाला, आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी विहिरीवर जमलेल्या बायकांना सांगितलं, "आमची सून पायाळू आहे हो."

मी चमकले. पण विचार केला, आपल्या जन्माच्या वेळी आपण हजर होतो खरं, पण लक्ष कुठे होतं? लग्न जमवायला माझी आत्या आली होती, तिने सांगितलं असणार. माहेरी गेल्यावर आईला विचारायचं तरी काय? तिला तर ठाऊकच असणार. शिवाय खरं सांगू? नव्या सुनेला त्या घरात स्वतःचं असं काय असे? एक ट्रंक, आणि चुलीजवळची एक जागा, तीही सर्वांत धुराची. मला एक लाथ मिळत होती. मी ती आनंदाने घेतली.

पहिला रोगी कोळीवाड्यातला तांडेल होता, म्हणजे होडीवरचा मुख्य. माणूस असा की दारात उभा राहिला की माजघरात अंधार व्हावा. त्या दिवशी तो काटकोनात आला. दोघांनी धरून त्याला ओटीवर पालथा घातला. मी पदर सारखा केला, डोळे मिटले आणि पाय जेमतेम टेकवला.

"मारलीस काय गो?" त्याने जमिनीकडे तोंड करूनच विचारलं.

"हो."

"मना कललाच न्हाय. जोरान मार गो बाय, देवाला फूल वाहतेस का काय?"

मग मी मारली. तिसऱ्या लाथेला तो "आई गो!" म्हणून ओरडला, उठला, कमरेतून इकडे वळला, तिकडे वळला, आणि माझ्या पाया पडला. दुसऱ्या दिवशी पापलेटं आली. त्यानंतर आमच्या ओटीवर कुणी ना कुणी पालथं पडलेलं असेच.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, हा सगळा खेळ झोपाळ्यावरून बघत. उमेदीची सारी वर्षं ते मिठागरांवर कारकून होते. आवाज असा की या बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या बांधावरचा मजूर टोपली खाली ठेवी. मुंबईचं वर्तमानपत्र शिळं का होईना, पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत. मला वाचायची गोडी त्यांनीच लावली. दुपारी सासूबाई लवंडल्या की ते हळूच म्हणत, "ये पोरी, ती ओळ वाच बघू, माझा चष्मा धुरकट झालाय." चष्मा मी रोज सकाळी पुसत असे. तो धुरकट नसे, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

पण लाथेचा विषय निघाला की ते गप्प बसत नसत.

"पोरी, बरे झालेले मासे घेऊन येतात," ते म्हणत. "बरे न झालेले अलिबागला डॉक्टरकडे जातात. तुला दिसतात फक्त मासे."

मला राग येई, आणि मी उत्तराच्या शोधात असे. एकदा शेजारची म्हैस गोठ्यात बसली ती काही केल्या उठेना. लोक मला घेऊन गेले. मी लाथ मारली, म्हैस उठली. मी नाचतच घरी आले. "आता बोला मामंजी! म्हशीच्या मनाचे खेळ का?"

मामंजींनी वर्तमानपत्राची घडी केली. "अगं, लाथ मारल्यावर म्हैस उठते. ते माझ्या लाथेनंही होतं. तिला कुठे विचारायचंय तू कशी जन्मलीस?"

असे हे मामंजी. आणि नेमकी त्यांनाच उसण भरली.

वन्संचं लग्न ठरलं होतं. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. माझ्यापेक्षा लहान, पण नणंद ती नणंद, म्हणून तोंडाने वन्सं आणि एरवी आम्ही दोघी एका पाटीतल्या कैऱ्या खाणाऱ्या. हे शेंडेफळ मामंजींना उतारवयात झालेलं. तिच्या आधीची दोन मुलं गेलेली. ही लहानपणी तापाने फणफणली, तेव्हा मामंजी तिला खांद्यावर टाकून वाडीतून येरझाऱ्या घालत आणि तिला सांगत, "तू बरी हो. तुझं लग्न मी असं करीन की थळपासून चौलपर्यंत ताशा ऐकू जाईल, आणि तुझा हात मी स्वतः देईन." तिला ते आठवत नव्हतं, पण ते तिला इतक्यांदा सांगितलं गेलं होतं की आता आठवत होतं.

लग्न चार-सहा दिवसांवर आलं आणि मोठं तांब्याचं घंगाळ मागच्या पडवीतून पुढे आणायचं निघालं. गडी दोघे होते. मामंजी म्हणाले, "असं नाही उचलायचं, असं." आणि उचलून दाखवलं. घंगाळ पडल्याचा आवाज आला, आणि मामंजींचा आलाच नाही. तिथूनच आम्हाला काळजी लागली.

अलिबागचा डॉक्टर टांग्याने आला. त्याने पाठ दाबली, चोळायला एक उग्र वासाचं औषध दिलं आणि सांगितलं, "पडून राहा. आठ-दहा दिवसांत आपोआप सुटेल."

"लग्न त्याच्या अलीकडे आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मग दुसऱ्या कुणाला तरी बसवा," डॉक्टर म्हणाला आणि टांग्यात चढला.

दुसरं कुणी म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ. आम्ही त्यांना काका म्हणत असू. देवमाणूस, पण कुणाचंही काम अंगावर घ्यायला एका पायावर तयार. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कन्यादानाला नेसायचा आपला रेशमी कद घेऊन आले. "असू दे जवळ. लागला तर," म्हणाले आणि खुंटीला टांगला. त्या कदाकडे बघून वन्संचा बांध फुटला.

"बाबांच्या हातून नाही, तर मी पाटावर बसणारच नाही. मला काही काकांनी वाढवलं नाही!"

ती हे माजघरात बोलली, पण ओटीवर माचा होता आणि माच्यावर मामंजी होते. मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. "ठेव तिथं," म्हणाले. आवाज मिठागरावरचा नव्हता.

त्या दुपारी सासूबाईंनी सरळ विषय काढला. "घरात पायाळू सून असताना तुम्ही असे पडून राहता?"

"लाथेनं उसण जात असती तर सरकारनं इस्पितळात डॉक्टरऐवजी गाढव नेमलं असतं!" त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला, तर कळ आली. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "तुझा राग नाही हो, पोरी. पण जिला लक्ष्मी म्हणून उंबरठ्यावरून आत घेतली, तिचा पाय मी पाठीला लावून घेऊ? तुला पाप, मला लाज. ते सोडा."

आम्ही सोडलं, म्हणजे त्यांच्यादेखत सोडलं. स्वयंपाकघरात येताच सासूबाईंनी माझा दंड धरला.

"पाप मला लागू दे. तू फक्त पाय लाव."

"पण त्यांना कळलं तर?"

"कळू द्यायचंच नाही. मी पाठ चोळायला बसते तेव्हा ते पालथेच असतात."

"आणि जोडवी? ती वाजतात."

सासूबाईंनी माझ्या पायाकडे बघितलं. "काढू नकोस हो, सवाष्ण आहेस. चिंधी बांध."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुषमंडळी मांडवासाठी झावळ्या आणायला गेली. मामंजी माच्यावर पालथे. सासूबाई पाठ चोळत होत्या. मी डाव्या पायाच्या बोटांना चिंध्या बांधून, भिंतीचा आधार घेत, चोरासारखी ओटीवर आले. सासूबाईंनी हात काढला. मी पाय ठेवला. त्या पाठीवर मणके दिसत होते. इतकं मोठं बोलणाऱ्या माणसाची पाठ इतकी लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आज हात जड झालाय तुझा," मामंजी उशीत बोलले.

"औषध मुरायला जोर लागतो," सासूबाई.

मी पुन्हा पाय लावला.

"आणि अंगठा केवढा गं!"

"या वयात बोटं सुजतात."

तिसऱ्यांदा त्यांनी फक्त एक लांब श्वास सोडला. मी पाय खाली घेतला आणि, सवय ती सवय, वाकून त्यांना नमस्कार केला. बांगड्या किणकिणल्या.

"कोण गं?"

"मांजर," सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी डोकं उशीत आणखी खुपसलं. आम्हाला वाटलं, निजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठून बसले. कण्हत, माच्याची कड धरून, पण बसले. संध्याकाळी भिंत धरून वाडीत चार पावलं टाकून आले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "याला म्हणतात शास्त्र! डॉक्टरचं औषध बघा!" सासूबाई पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. वन्संनी माझ्या गळ्यात हात टाकले, कारण तिला आम्ही सगळं सांगितलं होतं. काकांनी कद खुंटीवरून काढला नाही, पण त्याच्याकडे ते जरा खिन्नपणे बघत होते.

आणि मी? माझा रुबाब विचारू नका. शिकलेले लोक काय म्हणतात? हे सगळे मनाचे खेळ. रोग्याचा विश्वास असतो म्हणून त्याला बरं वाटतं. मंत्राऐवजी पाढे म्हटले तरी चालतं. ठीक. पण मामंजींचा विश्वास नव्हता! त्याहून मोठं म्हणजे, आपल्याला लाथ मिळाली हेच त्यांना माहीत नव्हतं! मग त्यांच्या मनाने खेळ केला तरी कशाचा? डाळ निवडताना मी हा मुद्दा मनातल्या मनात मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांपुढे मांडत असे. ते निरुत्तर होत. मी हात जोडत असे. टाळ्या पडत.

लग्नाच्या आदल्या दिवशी माझी आई मुरूडहून आली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जायचं नाही, अशी आमच्याकडे रीत, म्हणून ती या घरी पहिल्यांदाच येत होती, माझ्या तान्ह्या मुलाला मांडीवर घ्यायला. स्वयंपाकघरात आम्ही बायका लाडू वळत बसलो होतो. सासूबाईंना राहवेना. त्यांनी आवाज खाली घेऊन विहीणबाईंना सगळा पराक्रम सांगितला आणि शेवटी म्हणाल्या, "तुमची लेक पायाळू, म्हणून आमचं कार्य तरलं."

आईच्या हातातला लाडू फुटला.

"पायाळू? ही? अहो विहीणबाई, ही डोक्यानं आली. डोकंच एवढं, की सुईण म्हणाली, नारळ येतोय."

"पण तुमच्या वन्संच, हिची आत्या, म्हणाल्या होत्या, लग्न जमवताना. पोर पायाळू आहे म्हणून."

आईने आठवून बघितलं. मग ती हसू लागली, आणि हसू थांबेना. "पायगुणाची! त्या म्हणाल्या, पोर पायगुणाची आहे! हिच्या जन्मानंतर आमच्या घरी विहिरीला पाणी लागलं, तेच सांगत होत्या."

माझ्या आत्याच्या तोंडात तेव्हा दात उरले नव्हते, आणि सासूबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येई. त्या दोघींच्या मधल्या हवेत माझा जन्म उलटा झाला होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या जणांच्या पाठी! तो तांडेल, ती म्हैस, मुंबईचे मोठे डॉक्टर, सगळे माझ्याकडे बघत होते. "मग मामंजी कशाने बरे झाले?" मी विचारलं.

आई म्हणाली, "औषधानं झाले असतील." वन्सं म्हणाली, "माझ्या लग्नासाठी झाले." मी सासूबाईंच्या हातांकडे बघितलं. त्या औषधाने आणि चोळून चोळून ते सोलवटले होते. त्या बाईने आजवर नवऱ्याची पाठ दोन-दोन तास कधी चोळली असेल, आणि त्याने चोळू दिली असेल, असं मला वाटत नाही. त्यांनी शांतपणे पुढचा लाडू वळायला घेतला.

"गुण आला ना? मग तो कुठल्या वाटेनं आला हे विचारायला तो काय पाव्हणा आहे? आणि हे या चुलीपलीकडे गेलं नाही पाहिजे. उद्याचं कार्य होऊ दे."

आता लग्नाचं. आधी शेवट सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. कन्यादान मामंजींच्याच हातून झालं. आज वन्सं स्वतः सासू आहे. त्या मांडवात मी काय केलं, तेही सांगते. हातातलं तबक आईकडे दिलं, सगळ्या व्याह्यांदेखत पुढे झाले, चिंधीबिंधी न बांधता जे करायचं ते केलं, आणि पायाळू नसलेल्या त्या पायाने पुन्हा एकदा काम केलं. कसं, ते मला विचारू नका. मुंबईच्या डॉक्टरांपुढे मांडायचा जो पुरावा माझ्या हातात आहे असं वाटत होतं, तोही त्याच मांडवात गेला. तो कसा गेला, तेवढंच आता सांगायचं राहिलं आहे.

झावळ्यांच्या मांडवात ऊन कवडशांनी सांडलं होतं. ताशा थांबला. मामंजी पाटावर ताठ बसले होते, जरा जास्तच ताठ. समोर वन्सं, मुंडावळ्या बांधलेली, आणि शेजारी नवरदेव. त्यांचे हात मामंजींनी ओंजळीत घ्यायचे, सासूबाईंनी झारीतून धार सोडायची. भटजी म्हणाले, "हं, यजमान, असे पुढे या." मामंजी पुढे वाकले.

आणि तिथेच राहिले.

त्यांचे हात मुलीच्या हातांपासून चार बोटांवर थांबले होते. पुढेही जाईनात, मागेही येईनात. कपाळावर घाम आला. भटजींनी मंत्र पुन्हा सुरुवातीपासून म्हटला. वरपक्षाच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. काकांनी कद नेसलेलाच होता. ते अर्धे उठले आणि म्हणाले, "दादा, मी बसू का?"

वन्संनी मान वर केली. ती रडली नाही. नुसती बापाकडे बघत राहिली, तापातलं मूल बघतं तशी.

मी त्यांच्या मागे तबक घेऊन उभी होते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आईने मान हलवली, नाही. खरंच होतं. माझा पाय आता चारचौघांसारखा पाय होता, आणि समोर सगळा मांडव. मी जागची हलले नाही.

तेव्हा मामंजींनी मान जेवढी वळत होती तेवढी वळवली, आणि मिठागराच्या या बांधावरून त्या बांधावर जाणाऱ्या त्या जुन्या आवाजात सगळ्या व्याह्यांदेखत ओरडले:

"सूनबाई, बघतेस काय? घाल परवासारखी लाथ!"